सरासरी गाठली, तरी पीक गेलं : कोरडवाहू आणि विहीर-बागायत, दोन्हींचा पाण्याचा हिशेब

गोदाकाठ (धागाकर्ता)

मराठवाड्यात आणि विदर्भात अलीकडे दोन वाक्यं एकाच हंगामात ऐकू येतात. "पावसाने सरासरी गाठली" आणि "पीक हातचं गेलं". दोन्ही खरी असतात. सरासरी ही चार महिन्यांची बेरीज आहे. पिकाला बेरीज कळत नाही. मुळाशी आज ओल किती, एवढंच त्याला कळतं.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणजे ढग भरायला जास्त वेळ लागतो आणि फुटला की एकदम ओततो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. एकूण पाऊस मात्र तेवढा वाढलेला नाही. म्हणून उघडिपी लांबल्या आणि सरी जड झाल्या.

दोन हंगाम समोर ठेवू. 1901 पासूनच्या नोंदींत ऑगस्ट 2023 हा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, तूट 36 टक्के. जुलैच्या सुरुवातीला पेरलेलं सोयाबीन नेमकं त्याच महिन्यात फुलोऱ्यात होतं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव, बीड, सोलापूर भागात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, सीनाकाठची रानं खरडून निघाली. दोन्ही वर्षी शेतकऱ्याने पेरलं साधारण तेच आणि तसंच.

मोघम सल्ल्यांऐवजी इथे मापं, दिवस, लिटर आणि कारणं लिहूया. प्रश्न विचारताना जमिनीची खोली, पेरणीची तारीख आणि पाण्याचा स्रोत जरूर लिहा. त्याशिवाय दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या रानाचं असतं.

सुरुवात खोलीपासून करतो. काळ्या भारी जमिनीत पिकाला मिळू शकणारं पाणी दर 10 सें.मी. खोलीला ढोबळ 18 मिमी धरा. 90 सें.मी. खोल रान म्हणजे सुमारे 160 मिमी. 45 सें.मी.चं मध्यम रान 80 मिमी. 22 सें.मी.चं मुरमाड रान, तेही दगडगोटे वगळून, 25 ते 30 मिमी. यातलं निम्मं पाणी पीक ताण न घेता उचलतं. फुलोऱ्यातलं सोयाबीन दिवसाला 5 मिमीच्या आसपास पाणी उचलतं. म्हणजे भारी रान 16 दिवस तग धरतं, मध्यम 8 दिवस, मुरमाड 3 दिवस. तीन आठवड्यांची उघडीप तिघांनाही सारखी नसते. एकाच गावात एकाच वाणाचा उतारा एकाला 8 क्विंटल आणि दुसऱ्याला 2 क्विंटल पडतो, त्याचं पहिलं कारण हे.

मुरमाड_रान

गोदाकाठ दादा, खोलीचं गणित पटलं. पण ते रानात रोज तपासायचं कसं, हेही लिहायला हवं. यंत्र नसेल तरी चालतं.

टिकावाने ओळीच्या शेजारी खड्डा घ्या. 15 सें.मी. आणि 30 सें.मी. अशा दोन थरांतली माती मुठीत घेऊन लाडू वळा. लाडू घट्ट वळला आणि तळव्याला ओल लागली, तर थांबा. लाडू वळतो पण अंगठ्याने दाबताच चुरतो, म्हणजे निम्मी ओल सरली. संरक्षित पाणी, म्हणजे पावसाने ओढ दिल्यावर पीक तगवायला दिलेली पाळी, द्यायचा हाच दिवस. लाडूच वळत नसेल तर फुलगळ सुरू झालेली असणार. वरच्या दोन बोटांची माती पाहून निर्णय घेऊ नका. ऑगस्टच्या उन्हात ती दोन दिवसांत पांढरी पडते आणि खाली ओल शाबूत असते. उलटही होतं: 12-15 मिमीची सर वरचा थर भिजवते, रान काळंभोर दिसतं, आणि 20 सें.मी.वर माती कोरडी ठणठणीत असते.

भूजल_वाडी

धाग्याच्या नावात कोरडवाहू आणि बागायत वेगळं लिहिलंय. कालव्याच्या टापूत ते बरोबर आहे. पण दख्खनच्या काळ्या खडकावर विहिरीची बागायत ही कोरडवाहूचीच थोरली बहीण. पाऊस तोच, फक्त तो चार महिने उशिरा वापरायचा.

आकडे बघा. आपल्या खडकात पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या आणि भेगाळलेल्या थरात. या थरातून उपसता येणारं पाणी त्याच्या घनफळाच्या 1 ते 3 टक्के. 2 टक्के धरा. एका एकरात, म्हणजे 4,047 चौरस मीटरमध्ये, पाण्याची पातळी 1 मीटर खाली गेली तर मिळालं किती? 81 घनमीटर, म्हणजे 81 हजार लिटर. पिकाच्या भाषेत 20 मिमी. संरक्षित पाण्याची अर्धी पाळी.

आता भरणा. अशा खडकात पडलेल्या पावसातला सर्वसाधारण 7 ते 13 टक्के वाटा खाली जिरतो असं धरतात. 700 मिमी पावसातून 10 टक्क्यांनी 70 मिमी. गव्हाला पाटाने पाणी द्यायचं तर उपसा 400 मिमीच्या घरात जातो. एक एकर गव्हासाठी पाच-सहा एकरांवर जिरलेला पाऊस लागतो. गावातल्या निम्म्या रानात गहू, कांदा, ऊस उभा असेल, तर विहिरी जानेवारीत का आटतात याचं उत्तर याच वजाबाकीत आहे.

हवामान बदलाने यात दोन ठिकाणी चिमटा घेतला. जिरायला वेळ लागतो. 100 मिमी पाऊस पाच दिवसांत पडला तर खडकाला तो पिता येतो. तोच तीन तासांत पडला तर बहुतेक ओढ्याला जातो. महसूल मंडळात दिवसाला 65 मिमीच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी ठरते. अशा दिवसांचा पाऊस सरासरी भरून काढतो, विहीर भरून काढत नाही. शिवाय विहीर एकदा तुडुंब भरली की पुढचा पाऊस वाया. कारण साठवणच तेवढी. दुसरा चिमटा फेब्रुवारीत. दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत फेब्रुवारी 2023 हा 1901 पासून तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. तापमान चढलं की पिकाची तहान वाढते, आणि नेमक्या त्याच महिन्यात पाणी तळाशी गेलेलं असतं.

म्हणून रब्बीचं क्षेत्र दिवाळीच्या आसपास ठरवा, सवयीने नको. सप्टेंबरअखेर विहिरीत काठापासून किती फुटांवर पाणी आहे ते लिहून ठेवा. पंप एकदा चालवून पाणी किती वेळात पूर्वपदावर येतं तेही पाहा. पूर्ण उपसल्यावर रात्रीत भरणारी विहीर आणि तीन दिवस घेणारी विहीर, यांच्यावर सारखा गहू पेरता येत नाही.

तुषार_संच

वरचं सगळं मान्य. पण त्याला उत्तर आहेच की, शेततळं. सरकारी मापाचं 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजूंना 1:1 उतार धरला तर तळ 24 बाय 24 चा होतो. पाणी मावतं 2,196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर. बाष्पीभवन आणि तळाचा गाळ वगळून 18 लाख लिटर वापरायला मिळतात असं धरू.

ऑगस्टच्या उघडिपीत सोयाबीनला एक संरक्षित पाणी 40 मिमी. तुषारने देताना वारा-उडणं धरून 50 मिमी सोडावं लागतं. एकरी 2 लाख लिटर. म्हणजे तळं 9 एकरांना एक पाळी देतं, किंवा साडेचार एकरांना दोन. तुषारच्या तोट्या 12 बाय 12 मीटरवर, एक तोटी तासाला 1,750 लिटर सोडत असेल तर तासाला 12 मिमी पाणी पडतं. 50 मिमीला सव्वाचार तास.

लोक अडकतात ते वेळेत. 12 तोट्यांचा संच एका वेळी अर्ध्या एकराहूनही कमी भिजवतो. एक एकर व्हायला साडेनऊ तास लागतात. शेतीची वीज 8 तास मिळते असं धरलं तर 9 एकरांना अकरा दिवस. मुरमाड रान तीन दिवसांत ताण धरतं हे वर आलंच आहे. म्हणून पहिल्या दिवशी संच हलक्या रानात लावा, भारी रान शेवटी. बहुतेक ठिकाणी उलट होतं, कारण भारी रान तळ्याजवळ, सखल भागात असतं आणि पाइप जोडायला सोपं पडतं.

दोन चुका नेहमीच्या. एक, पीक सुकायला लागल्यावर पंप सुरू करणं. दोन, भर दुपारी वाऱ्यात तुषार चालवणं. पहाटे आणि सायंकाळी वारा पडलेला असताना दिलेलं पाणी खाली बसतं.

भूजल_वाडी

@तुषार_संच, मापं चोख आहेत. पण तळं कशाने भरलंय ते लिहिलं नाहीत, आणि भांडण तिथेच आहे. नाल्याचं, शिवारातून वाहून जाणारं पाणी आत घेतलं तर तळं गावाचं पाणी वाढवतं. तेच प्लॅस्टिक अंथरून विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरलं तर जमिनीखाली झाकलेलं पाणी उन्हात आणून ठेवलं. 900 चौरस मीटर पाण्यावरून दिवसाला 6 मिमी उडालं तर दिवसाला 5,400 लिटर गेले. फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांत साडेसहा लाख लिटर. आणि शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी आटली ती वेगळीच. फळबाग वाचवायला हे करतात हे कळतं, पण याला जलसंधारण म्हणू नये.

तुषार_संच

विहिरीतून भरलेल्या तळ्याचं समर्थन मी करत नाही. माझं गणित पावसाच्या पाण्याच्या तळ्याचंच आहे. त्यासाठी तळं शिवाराच्या सखल बाजूला, आत येणाऱ्या वाटेवर गाळ अडवायला 2 बाय 2 बाय 1 मीटरचा खड्डा, आणि सांडव्याला दगडी पिचिंग. सांडवा नसेल तर अतिवृष्टीत भराव फुटतो आणि खालचं रान घेऊन जातो. सोयाबीनच्या उघडिपीत वापरायचं पाणी खरिपातच वापरून टाका. एप्रिलपर्यंत राखून ठेवण्यात फायदा नाही.

डवरणी

पाणी देण्याआधी पडलेलं पाणी रानात धरणं स्वस्त. आणि जास्त झालेलं बाहेर काढणंही तितकंच गरजेचं. एकाच हंगामात दोन्ही करावं लागतं, म्हणून रुंद सरी-वरंबा. गादीवर चार ओळी, दोन्ही अंगांना सरी. उघडिपीत सरीतली ओल गादीला पुरते, अतिवृष्टीत सरी चर बनते.

यंत्र नसेल तर पेरणीनंतर 30-35 दिवसांनी, शेवटच्या डवरणीला, दर चार ओळींनंतर डवऱ्याला (ओळींमधलं तण काढायच्या अवजाराला) दोरी गुंडाळून सरी ओढा. पेरतानाच पाचवी ओळ रिकामी सोडली तर पीक तुडवलं जात नाही, फवारणीला वाटही मिळते.

बिघाड कुठे होतो ते नीट बघा. सऱ्या उताराच्या दिशेने पाडल्या तर तीच घळ होते. एका जोरदार पावसात गादीची माती बांधाशी जमा होते. सऱ्या उताराला आडव्या हव्यात, किंचित ढाळ देऊन, आणि प्रत्येक सरीचं तोंड चराला मिळालेलं हवं. तोंड बंद राहिलं तर सरी म्हणजे तळं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींना हवा लागते. दोन-तीन दिवस पाणी साचलं की गाठी काळ्या पडतात, पानं पिवळी होतात, आणि लोक युरिया टाकतात. पाणी निघाल्याशिवाय टाकलेला युरिया वाया जातो. आधी निचरा, वापसा आला (जास्तीचं पाणी जाऊन माती मशागतीजोगी झाली) की डवरणी, मग गरज असेल तर 19:19:19 या विद्राव्य खताची (नत्र, स्फुरद, पालाश) फवारणी 100 ग्रॅम आणि ग्रेड-2 सूक्ष्म अन्नद्रव्य 50 मिली, प्रति 10 लिटर.

उघडिपीतही डवरा चालू ठेवा. भेगा बुजतात, वरचा मऊ थर खालची ओल झाकतो.

पळसगाव_ताई

जमीन मध्यम, 40-45 सें.मी. खोल. विहीर आहे, पण ऑगस्टमध्ये दोन तासच चालते. दरवर्षी 20-25 जूनला सगळं सोयाबीन फुले संगम. उघडीप आली की फुलं गळतात. वाण बदलावा का?

गोदाकाठ

ताई, फुले संगम (केडीएस 726) चांगला उतारा देतो, पण तो शंभर-एकशेपाच दिवसांहून अधिकचा वाण आहे, झाड मोठं, तहान मोठी. भारी रानात तो ठेवा. तुमच्या 45 सें.मी. रानात आठ-नऊ दिवसांवर उघडीप गेली की त्याची फुलगळ ठरलेली.

सगळं रान एका वाणावर आणि एका तारखेवर ठेवू नका. अर्ध्यात एमएयूएस 158 किंवा एमएयूएस 612, काही भागात जेएस 9305, जो 85-90 दिवसांत उरकतो. वाणांचा फुलोरा आठवडा-दहा दिवसांच्या फरकाने आला तर एकच उघडीप सगळ्यांना सापडत नाही. शिवाय सोयाबीन-तूर 4:2 घ्या. सोयाबीनचं नशीब ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसावर, तुरीचं ऑक्टोबरच्या ओलीवर. दोन्ही एकदम बिघडण्याची शक्यता कमी. मध्यम रानात बदनापूरचा बीडीएन 711, 150-155 दिवसांचा, उशिराच्या ताणाआधी भरतो. तूर पाणी साचलेलं सहन करत नाही, तेवढी सखल पट्टी सोडा.

दोन तासांच्या विहिरीवर एकच पाळी शक्य असेल तर ती शेंगा भरताना द्या. फुलं गळाली तर काही पुन्हा येतात. भरणारा दाणा सुकला तर परत येत नाही.

पाणी नसेल तर पोटॅशियम नायट्रेट (13:0:45) 1 टक्का, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, उघडिपीच्या आठव्या-दहाव्या दिवशी फवारा. ताण सहन होण्याचे काही दिवस वाढतात. तो पाण्याला पर्याय नाही, हे विक्रेता सांगणार नाही.

बारदान

पेरणीचा मुद्दा राहून गेला. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेल्याशिवाय तिफण लावू नका. जूनमध्ये एक दणका येतो, लोक पेरतात, मग दोन आठवडे ऊन. दुबार पेरणीचा बहुतेक खर्च या घाईतून येतो. सोयाबीन 15 जुलैपर्यंत चालतं. त्यानंतर मात्र सोयाबीनचा हट्ट सोडून तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी बघा. मूग-उडीद तर जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर नकोच.

आता बियाणं. काढणीत पाऊस लागला की दाण्याचं कवच भिजतं, वाळतं, फुगतं आणि उगवण मरते. दिसायला दाणा ठीक असतो. म्हणून मे महिन्यातच 100 दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, पाच-सहा दिवसांनी मोजा.

45 बाय 5 सें.मी.वर एकरी 1 लाख 80 हजार झाडं बसतात. 100 दाण्यांचं वजन 12 ग्रॅम असेल तर नुसत्या दाण्यांचं वजन 21.6 किलो. उगवण 70 टक्के असेल तर 31 किलो पेरा, 60 टक्के असेल तर 36 किलो. त्याखाली असेल तर ते बियाणं नाही, भुसार माल आहे. टपोऱ्या दाण्याच्या वाणाला याच हिशेबाने वाढवा. "बॅग एकरी एक" हा हिशेब तिथेच चुकतो.

घरचं बियाणं ठेवायचं असेल तर मळणीच्या वेळी ओलावा 13-14 टक्के आणि मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400. त्याहून जास्त फेऱ्यांत दाण्याला न दिसणारी चीर जाते. पोती उंचावरून आपटायची नाहीत, पाचाच्या वर थप्पी नाही. बीजप्रक्रिया आधी बुरशीनाशकाची (कार्बोक्सिन अधिक थायरम, किलोला 3 ग्रॅम), सुकल्यावर शेवटी रायझोबियम. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. पेरणीची खोली 3 सें.मी. 5 सें.मी.वर गेलेला दाणा पाऊस पडून पापुद्रा धरला की वर येत नाही.

ओंबी

गव्हावर कोणी सविस्तर लिहिलं नाही. पाणी भरपूर असलेल्या बागायतदाराला वाटतं की उष्णतेचा प्रश्न कोरडवाहूचा. गहू ते खोटं ठरवतो.

मार्च 2022 हा नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि त्या वर्षी 13 मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. फटका बसला तो पंजाब-हरियाणाच्या पूर्ण ओलिताच्या गव्हाला. दाणा भरताना तापमान 30-32 च्या वर गेलं की भरण्याचा काळच आखडतो. पीक घाईने पिकतं, दाणा बारीक, सुरकुतलेला. रात्र उबदार असेल तर दिवसा तयार केलेलं अन्न झाड श्वसनात जाळतं. मुळाशी पाणी असूनही. 30 पीक-प्रारूपं (पीकवाढीची संगणकी गणितं) एकत्र चालवून 2015 साली झालेल्या अभ्यासात जागतिक सरासरी तापमानाच्या एका अंशामागे गव्हाचं उत्पादन सुमारे 6 टक्के घटतं असं आलं. आपण गव्हाच्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला आहोत. आपल्याकडे थंडी आधीच मोजकी.

आपल्या हातात तारीख आहे. बागायती वेळेवर पेरणी 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरतात. ऑक्टोबरचा पाऊस लांबला की सोयाबीन उशिरा निघतं, रान वापशावर यायला दहा दिवस, आणि गहू डिसेंबरात जातो. खरिपातला पाऊस रब्बीच्या उष्णतेला असा जोडला जातो. 15 डिसेंबरनंतर गहू नकोच. हरभराही तोवर उशिराचाच होतो, पण पाणी कमी खातो.

उशिरा पेरायचाच तर निफाडचा फुले समाधान (एनआयएडब्ल्यू 1994), तो दोन्ही वेळेला चालतो. बियाणं एकरी 40 ऐवजी 50 किलो, ओळी 18 सें.मी.वर, कारण उबदार हवेत फुटवे कमी येतात आणि मुख्य ओंब्यांवरच भिस्त असते. पाणी एकच असेल तर 40-42 दिवसांनी. दोन असतील तर 20-22 आणि 60-65. तीन असतील तर 20-22, 42-45, 60-65. दोन-तीन पाळ्या असतील तर पहिली, मुकुटमुळं फुटतानाची, चुकवू नका. 55 आणि 70 दिवसांनी 19:19:19 ची 2 टक्के फवारणी, 10 लिटरला 200 ग्रॅम.

मोकाट पाट सोडून सारे (पाणी द्यायचे लांब वाफे) अरुंद करा. दाणे भरताना वाऱ्यात पाणी दिलं तर गहू लोळतो.

मुरमाड_रान

कालव्यावरच्यांची वेगळी अडचण. जायकवाडीचं आवर्तन ठरल्या तारखेला येतं, पिकाची अवस्था आणि ऊन त्याची वाट बघत नाही. कालवा आणि विहीर दोन्ही असतील तर आवर्तनाचं पाणी मिळतं तेव्हा विहीर बंद ठेवा. ती फेब्रुवारीच्या शेवटच्या पाळीसाठी राखा.

सोलापुरी_शाळू

रब्बी ज्वारीकडे बघा, सगळे सोयाबीन-गव्हात अडकलेत. ज्वारी पेरल्यावर बहुधा पाऊस येतच नाही. ती साठलेल्या ओलीवर निघते. म्हणजे तिची लागवड खरं तर जुलैत सुरू होते.

उताराला आडवे सारे पाडून रानात 3.6 बाय 3.6 मीटरचे किंवा 6 बाय 2 मीटरचे कप्पे करायचे. जून ते सप्टेंबरचा पाऊस जागच्या जागी जिरतो. पेरणीआधी कप्पे मोडायचे. आताच्या जड सरींत कप्प्याचा बांध फुटतो, म्हणून उतार जास्त असेल तर कप्पे लहान ठेवा आणि सर्वांत खालच्या बांधाला सांडवा द्या.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. सप्टेंबरअखेरचा पाऊस रान चिखल करतो आणि ही खिडकी अरुंद होते. तरी वापसा नसताना पेरू नका, बी कुजतं. वाण खोलीप्रमाणे: 30 सें.मी.पर्यंत फुले अनुराधा, 60 पर्यंत फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, त्याहून खोल असेल तर फुले वसुधा. हलक्या रानात वसुधा टाकली तर झाड उंच होतं आणि कणीस भरत नाही, ओल आधीच संपलेली असते.

आणि कोळपण्या. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी कोळप्याने. आठव्या आठवड्यात जमीन टणक झालेली असते, भेगा रुंदावतात, पास (कोळप्याचं पातं) आत जात नाही. दातेरी कोळपं माती उकरून भेगेत ढकलतं. ही तिसरी कोळपणी हल्ली कोणी करत नाही, मजुरी वाचते म्हणून. दोन बोटं रुंदीच्या भेगेतून वाफ थेट खालच्या थरातून निघते. एक पाणी वाचवणारी कोळपणी सोडून बोअरला खर्च करणं हिशेबात बसत नाही. दोन पाळ्या देता आल्या तर 28-30 आणि 50-55 दिवसांनी द्या.

बोंडवाला

कपाशीत एक प्रकार उघडिपीनंतरच्या पावसात हमखास दिसतो. महिनाभर ताण, मग एक दणका, आणि दुसऱ्या दिवशी हिरवीगार झाडं माना टाकतात. उपटून पाहिलं तर मूळ शाबूत, ना बुरशी ना कीड. याला आकस्मिक मर म्हणतात. बोंडांनी लगडलेल्या झाडाची मुळं अचानक पाण्यात बुडाली की श्वास कोंडतो, वरचं ऊन मात्र पाणी ओढतच राहतं. उपाय काय द्यायचा आणि किती?

डवरणी

@बोंडवाला, वेळ 24 ते 48 तासांची. आधी पाणी काढा, मग लगेच आळवणी: 10 लिटर पाण्यात युरिया 200 ग्रॅम, पांढरा पोटॅश 100 ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम. झाडाला 150 मिली, बुंध्याशी, आणि माती पायाने दाबायची म्हणजे मुळाभोवतीची पोकळी बुजते. 10 लिटरमध्ये 65 झाडं होतात. 4 बाय दीड फुटावर एकरात 7,260 झाडं असतात. सगळ्यांना द्यायचं तर 1,100 लिटर द्रावण आणि तेवढे मजूर एका दिवसात लागतील, ते होत नाही. म्हणून मान टाकलेली झाडं आणि त्यांच्या ओळीतली लागलीच शेजारची, एवढ्यांनाच द्या. ज्यांची पानं वाळून गळू लागली त्यांच्यावर द्रावण खर्च करू नका. वाफसा आल्यावर दोन ओळींमधून डवरा घालून सरी काढा. पुढच्या पावसात त्याच सखल पट्टीत पुन्हा हेच होणार, तिथला चर मोकळा करून ठेवा.

बोंडवाला

कळलं. 4 बाय दीडच आहे, सखल पट्टी अर्ध्या एकराची. दोन पंप आणि तीन माणसं लावतो. पोटॅश जरा उशिरा विरघळतो, तो आदल्या रात्री वेगळ्या बादलीत भिजवून ठेवला तर चालेल का?

डवरणी

चालेल, वस्त्रगाळ करून घ्या. कॉपर मात्र आयत्या वेळी मिसळा आणि द्रावण सतत ढवळत राहा, ते तळाशी बसतं. पंपाचं नोझल काढून नुसत्या नळीने द्या. एका झाडाला किती सेकंदांत 150 मिली पडतं ते आधी मापाच्या भांड्यात पाहून घ्या, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत द्रावण पुरेल.